लक्ष्मी रस्ता : आधी पार्किंग, मग फरशी
(रस्ता कोणाचा? : लेखांक 6)

पदपथाची रुंदी कशी ठरते ते मागच्या लेखांकात पाहिले. इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शक तत्त्वे चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी जागा मागतात, आणि बाजारपेठेत त्याहून जास्त. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ऐन दिवाळीत एवढी सलग जागा मिळणे मुश्कील. दुकानाची पायरी आणि उभी दुचाकी यांच्यामधल्या पट्टीतून माणसे अंग चोरून जातात आणि ती पट्टी संपली की धावत्या गाड्यांपुढे उतरतात. रस्ताच अरुंद, त्याला कोण काय करणार, असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही. एक उभी मोटार सुमारे 12 चौरस मीटर जागा अडवते आणि तासभर तिथून हलत नाही. तेवढ्याच जागेतून त्या तासाभरात शेकडो माणसे चालत जाऊ शकतात. म्हणून मध्यवस्तीतला रस्ता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी नव्याने आखायचा, तर पहिला निर्णय पार्किंगचा घ्यायला हवा. फरशी, बाक, दिवे यांचा विचार त्यानंतर.

कोपनहेगनचा दाखला अशा चर्चेत नेहमी येतो, पण बहुधा अर्धाच सांगितला जातो. तिथला स्ट्रॉएट हा सुमारे 1.1 किलोमीटरचा बाजाररस्ता नोव्हेंबर 1962 मध्ये मोटारींना बंद झाला. आधी दुकानदार धास्तावले होते. या थंड देशात लोक रस्त्यावर रेंगाळणार नाहीत, असेही सांगितले जात होते. दोन्ही अंदाज चुकले. त्यानंतर पादचाऱ्यांसाठी राखलेले क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढत पुढच्या चार दशकांत सुमारे सहापट झाले. सांगायचा राहतो तो भाग असा, की या काळात मध्यवस्तीतल्या पार्किंगच्या जागा दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनी कमी केल्या गेल्या. एका वर्षात एवढीशी घट कोणाला फारशी बोचत नाही. लोकांना सवयी बदलायला अवधी मिळतो. रस्ता बदलला तो या संथ, न थांबलेल्या कामामुळे.

आपल्याकडे हे काम वगळले जाते. पुण्यातच जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना देखणी झाली, पदपथ ऐसपैस झाले, पण दुचाकींना अटकाव सतत करावा लागतो. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा 1.3 किलोमीटरचा पट्टा 2021 मध्ये नव्याने खुला झाला आणि सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी आली; तरीही दुचाकी शिरल्याच. दगड उत्तम बसवला, राखण सैल राहिली.

लक्ष्मी रस्ता मोटारींना बंद केला तर गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची भीती मी हलकी मानत नाही. भांडवल त्यांचे अडकलेले असते. पण शेजारच्या तुळशीबागेच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, आणि तिथे गर्दीची वानवा कधीच नव्हती. शिवाय सप्टेंबर 2024 पासून मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू आहे आणि तिथून बाहेर पडणारा प्रत्येक जण पायीच बाजारात येतो. मालाच्या टेम्पोंना सकाळची ठरावीक वेळ देता येते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी-आजोबांचे काय, हा प्रश्न अधिक वजनाचा आहे. त्यांच्यासाठी छोट्या बस हव्यात; शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीने 2021 मध्ये ‘पुण्यदशम’ नावाने दहा रुपयांत दिवसभर फिरण्याची सोय पेठांत सुरू केली होती, तोच धागा पुढे न्यावा. आज गाड्यांमधून वाट काढताना सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात, हेही विसरू नये. कुमठेकर आणि केळकर रस्त्यांवर भार वाढेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. पेठांमधून नुसती आरपार जाणारी वाहतूक बाहेरच्या रस्त्यांकडे वळवण्याचा आराखडा आधी तयार नसेल, तर एकटा लक्ष्मी रस्ता बंद करणे म्हणजे कोंडी शेजारी ढकलणे होईल.

सायकलींसाठी पेठांत वेगळा मार्ग बसणार नाही आणि त्याची गरजही नाही. वाहनांचा वेग ताशी 20-30 किलोमीटरवर रोखला, तर सायकलस्वार त्याच रस्त्याने निर्धास्त जाऊ शकतो. वेगळे मार्ग लागतात ते कर्वे रस्त्यासारख्या रुंद, वेगवान रस्त्यांवर.

राहिला तो पहिला निर्णय, पार्किंगचा. पुणे महापालिकेने 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. पाच रस्त्यांवर सशुल्क पार्किंगचा प्रयोग करायचे ठरले होते, पण वर्षानुवर्षे तो कागदावरच राहिला. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर पादचारी दिन होऊ लागला. त्या दिवशी तिथे मुलाबाळांसह जरूर चाला, आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा : पार्किंग धोरण पहिल्यांदा कोणत्या रस्त्यावर, आणि कोणत्या तारखेपासून लागू होणार?