लेखातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, तरी लेख चुकला : संशोधन समजावून सांगणारं लिखाण चांगलं कशामुळे होतं?



तुमच्यापैकी बरेचजण सध्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतील, कुणी नेट-सेटचा अभ्यास करत असेल, कुणी पेट देऊन गाईडच्या शोधात असेल. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की शोधनिबंध कसा लिहायचा हे आज ना उद्या कुणीतरी शिकवतं. पण "तू नेमकं काय करतेस, ते साध्या माणसाला कळेल असं लिहून दे" हे काम अचानक अंगावर येतं आणि ते कुणी शिकवलेलं नसतं. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2018 मध्ये 'अवसर' नावाची स्पर्धा सुरू केली, ती याचसाठी. संशोधक विद्यार्थ्याने स्वतःच्या कामावर सर्वसामान्यांना समजेल असा लेख लिहायचा. म्हणजे या कौशल्याची गरज आता सगळ्यांनाच पटलेली आहे.

तर असं लिखाण चांगलं कशामुळे होतं, हे आज बघू. सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

एका कागदाची गोष्ट

माझं काम भूजलातल्या फ्लोराइडवर आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आम्ही हातपंपांच्या पाण्याचे नमुने आणले होते. गावकऱ्यांनी वेळ दिला, चहा पाजला, त्यामुळे आपण शोधलेलं त्यांना परत सांगावं म्हणून मी एक पानाचा लेख लिहिला आणि अंगणवाडीताईंकडे दिला. त्यात साधारण असं होतं : "पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असून ते आरोग्यास अपायकारक आहे. पिण्यापूर्वी पाण्यावर प्रक्रिया करणे आवश्यक आहे. ॲक्टिव्हेटेड अल्युमिनावर फ्लोराइडचे अधिशोषण लँगम्यूर आयसोथर्मनुसार होत असल्याचे आढळले."

दोन महिन्यांनी पुन्हा नमुने घ्यायला गेले. एक काकू आपुलकीने म्हणाल्या, "म्याडम, तुमचा कागद वाचला ना. आता आमी पानी उकळूनच पेतो."

मी गप्पच झाले. कारण उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि फ्लोराइड आहे तेवढंच भांड्यात राहतं. हिशोब करून बघा. 2 लिटर पाण्यात दर लिटरला 2 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर एकूण झालं 4 मिलिग्रॅम. खळखळून उकळल्यावर पाणी 1.6 लिटर उरलं, तर प्रमाण होतं लिटरला 2.5 मिलिग्रॅम. म्हणजे काकू सरपण जाळून पाणी आणखी वाईट करत होत्या, आणि तेही माझा लेख वाचून.

गंमत अशी की लेखात उकळण्याचा शब्दही नव्हता. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण "पाण्यावर प्रक्रिया करा" असं मी मोघम लिहून मोकळी झाले. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की वर्षानुवर्षं गावाला एकच सांगितलं जातं, पाणी उकळून प्या. मग 'प्रक्रिया' म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय समजायचं? लेखात आपण जागा रिकामी सोडली, तर वाचक ती स्वतःजवळच्या माहितीने भरतो. तो भरणारच. हा माझा पहिला धडा.

आपल्याला माहीत असणं हीच अडचण

1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, आणि ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते.

आज रात्री रूममेटबरोबर हे करून बघाच. आपल्या थिसिसचं पहिलं पान म्हणजे बाहेरच्या माणसासाठी अशीच टकटक असते. आणि हुशारी वाढली की हा दोष कमी होत नाही, उलट वाढतो. पहिल्या वर्षाला 'अधिशोषण' हा शब्द मला स्वतःलाच परका होता. तिसऱ्या वर्षी तो इतका सवयीचा झाला की तो समजावून सांगावा लागेल हेच सुचलं नाही. म्हणून माझा सल्ला : विषयात नवे असतानाच एक वही ठेवा आणि आपण कुठे कुठे अडलो ते लिहून ठेवा. पुढे लेख लिहिताना ती वही फार कामाला येते.

थिसिसचा क्रम आणि वाचकाचा क्रम

थिसिसमध्ये आधी प्रस्तावना, मग पूर्वसंशोधन, पद्धत, निष्कर्ष. परीक्षकासाठी ते योग्यच आहे, त्याला तुमची प्रत्येक पायरी तपासायची असते. सामान्य वाचक मात्र एक प्रश्न घेऊन येतो. त्या काकूंचा प्रश्न होता : मग हे पाणी प्यायचं की नाही? याचं उत्तर माझ्या पानात कुठेच नव्हतं.

वाचकाचा प्रश्न कसा शोधायचा? लॅबबाहेरच्या तिघांना आपलं काम दोन-दोन मिनिटांत सांगा आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न लिहून घ्या. मी हे केलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्या नळाला आहे का गं ते?" मेसच्या काकांनी विचारलं, "टूथपेस्टमध्ये तर फ्लोराइड चांगलं म्हणतात ना?" नववीतल्या भाचीने विचारलं, "पाण्यात ते येतंच कुठून?" बघा, या तीन प्रश्नांत अख्ख्या लेखाचा सांगाडा मिळाला. फ्लोराइड काही खडकांतल्या खनिजांमधून विरघळून भूजलात येतं. थोड्या प्रमाणात ते दात किडण्यापासून वाचवतं. जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं-सांधे जखडतात. लँगम्यूरबद्दल तिघांपैकी कुणीच विचारलं नाही!

उपमा द्या, पण ती कुठे तुटते तेही सांगा

आता 'अधिशोषण' घेऊ. टॉवेल पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. पंख्याच्या पात्यावर धूळ वरच्यावर चिकटून बसते, तसं काहीसं अधिशोषण. दोन वाक्यांत फरक कळतो.

पण फिल्टर काही महिन्यांनी काम करेनासा का होतो, हे धुळीच्या उपमेतून कळत नाही. तिथे मी एसटी आणते. अल्युमिनाच्या कणावर फ्लोराइडला बसायला ठरावीक जागा असतात, एसटीतल्या सीटसारख्या. सगळ्या भरल्या की पुढचा प्रवासी खालीच राहतो, म्हणजे फ्लोराइड पाण्याबरोबर सरळ निघून जातं. शिवाय पाण्यात फॉस्फेटसारखे इतर आयनही असतात आणि तेही त्याच सीटवर रुमाल टाकायला बघतात.

आता ही उपमा कुठे तुटते? एसटीतले प्रवासी आपला स्टॉप आला की आपणहून उतरतात. फ्लोराइड उतरत नाही, त्यासाठी अल्युमिना कॉस्टिक सोड्याने धुवावा लागतो. हे सांगितलं नाही तर वाचकाला वाटेल की फिल्टर थोडे दिवस बंद ठेवला की आपोआप रिकामा होईल. उपमा लेखकाला सोपी वाटते म्हणून ती धोक्याची, कारण वाचक तिच्यावरून पुढचे तर्क करतो.

आकडा हातात धरता आला पाहिजे

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. हे वाचून घरातल्या माणसाला काय कळणार? त्याऐवजी असं सांगा : गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे अंदाजे पाव चमचा मीठ असावं एवढंच. हे डोळ्यांसमोर येतं आणि चवीवरून का कळत नाही तेही पटतं. पण एका लेखात असे दोन-तीन आकडेच ठेवा. अख्खं टेबल टाकलं की वाचक सगळंच सोडून देतो.

जेवढं केलं तेवढंच सांगा

लोकांसाठी लिहिताना हात सैल सुटतो. "या संशोधनामुळे फ्लोराइडची समस्या कायमची मिटणार" असं शेवटचं वाक्य आपोआप येतं. मीही लिहिलं होतं. गाईडनी लाल रेघ मारून शेजारी विचारलं, "किती पाणी गाळलंस?" उत्तर होतं, बीकरमधलं 100 मिलिलिटर, तेही डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइड मिसळून बनवलेलं. खऱ्या विहिरीच्या पाण्यात क्षार, बायकार्बोनेट, गाळ सगळंच असतं.

नागपूरच्या नीरी संस्थेची 'नलगोंडा पद्धत' बघा. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ही पद्धत 1970च्या दशकातली, स्वस्त आणि समजायला सोपी. तरी उरणाऱ्या गाळाचं काय करायचं आणि पाण्यात अल्युमिनियम जास्त राहू नये म्हणून काय काळजी घ्यायची, हे प्रश्न तिलाही आहेतच. इतक्या परिचित पद्धतीलाही मर्यादा असतील, तर आपल्या 100 मिलिलिटरने नम्र राहिलेलं बरं. मर्यादा सांगितल्याने लेख कमजोर होत नाही, वाचकाचा विश्वास वाढतो.

इथेच दोन व्यवहाराच्या गोष्टी. शोधनिबंध प्रसिद्ध व्हायच्या आधी त्यातले निष्कर्ष बाहेर लिहायचे असतील तर गाईडना विचारा. पेटंटचा विचार असेल तर नक्कीच. आणि गावातल्या माणसांची नावं, फोटो त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका.

नाव झाकून वाचून बघा

1974 ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ती प्रत्यक्षात जयंत नारळीकरांची होती. आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली.

मला ही गोष्ट लेख तपासायला उपयोगी पडते. आपल्या लेखावरचं नाव, 'संशोधक विद्यार्थी' ही ओळख, विद्यापीठाचं नाव, सगळं झाका. आता तो कागद कुणी शेवटपर्यंत वाचेल का? वाचून त्याला काही मिळेल का? माझा पहिला कागद या परीक्षेत सपशेल नापास होतो. तो केवळ 'म्याडमनी दिला' म्हणून वाचला गेला होता.

दुसरा कागद

मी तो पुन्हा लिहिला. या वेळी सुरुवात अशी होती :

"शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी पिऊ नका आणि स्वयंपाकालाही वापरू नका. त्यात फ्लोराइड जास्त आहे. ते उकळून जात नाही, कापडाने गाळूनही जात नाही. अंघोळीला, धुण्याला चालेल. पिण्यासाठी मारुतीच्या देवळामागच्या विहिरीचं पाणी घ्या, त्यात फ्लोराइड मर्यादेत आढळलं आहे. पण ते उकळूनच प्या, कारण विहिरीच्या पाण्यात जंतू असू शकतात."

मग फ्लोराइड कुठून येतं, पाव चमच्याचा हिशोब आणि शेवटी आमचं काम काय, तेही चार ओळींत. छापण्याआधी अंगणवाडीताईंना वाचायला दिला आणि "यातून तुम्हाला काय कळलं ते सांगा" म्हटलं. "कळलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे 'हो'च म्हणतात.

पुढच्या खेपेला त्याच काकू भेटल्या. हातात पाण्याने भरलेली बाटली होती. म्हणाल्या, "म्याडम, हे आमच्या वावरातल्या बोअरचं. याच्यात किती हाय, तेवढं पाहून द्या ना." बाटली घेतली, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहिलं आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर पेटीत ठेवली.

आता तुमची पाळी. तुमच्या प्रोजेक्टवर दहा ओळी लिहा, लॅबबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या आणि त्याला काय कळलं ते त्याच्याच शब्दांत ऐका. मध्ये बोलू नका, फक्त लिहून घ्या. शुभेच्छा!