बोअर करायचं की नुसत्या रिंगा?

पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ती गाडी विकली नाही. तशीच माया महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी या गाडीवर केली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तरी गावोगावच्या गॅरेजांत ती अजून येते. दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीची तक्रार बहुधा एकच असते : धूर मारतेय, ऑइल खातेय. इंजिन उतरवायचं का?

कार्ब्युरेटरवाल्या ८०० मधलं हे इंजिन म्हणजे सुझुकीचं एफ८बी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२. वेगळे लायनर नाहीत; रिंगा थेट ब्लॉकच्या बिडावर घासतात. म्हणूनच हे इंजिन पुन्हा उभं करता येतं, आणि घाईत केलेलं काम त्यात टिकत नाही.

जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी धूर बघतो. सकाळी स्टार्ट मारताच निळा धूर आला आणि थोड्या वेळात थांबला, तर व्हॉल्व्हची रबरी सील कडक झालेली असण्याची शक्यता मोठी. ते काम वरच्या वर होतं, पिस्टनला हातही लावावा लागत नाही. घाट चढताना निळा धूर सतत येतोय आणि चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं की आतून वाफारा धकधक बाहेर येतोय, तर संशय रिंगांवर. रेडिएटरचं पाणी कमी होतंय, धूर पांढरा आहे, ऑइल दुधाळ झालंय, तर आधी हेड गॅसकेट बघायची.

संशयाची खात्री कॉम्प्रेशन गेज करतो. गरम इंजिनाचे तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. कमी भरलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट गळतेय. ही तपासणी न करता ‘फुल इंजिन काम’ सांगणाऱ्या गॅरेजात गाडी सोडू नये.

खरी फसगत पुढे होते. खर्च वाचवायला मालक म्हणतो, नुसत्या रिंगा टाका. पण सिलिंडर सारखा झिजत नाही. रिंग जिथपर्यंत वर जाते तिथे झीज सर्वांत जास्त होते आणि वरच्या कडेला कंगोरा उरतो. पिस्टनचा रेटा ज्या बाजूंना बसतो तिकडे बोअर लंबगोल होतो. अशा बोअरमध्ये नवी गोल रिंग नीट बसत नाही आणि काही महिन्यांत धूर परत येतो. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मोजून झीज मर्यादेत निघाली, तरच रिंगा टाकून होनिंग करावं. नाहीतर ब्लॉक बोअरिंगला द्यावा. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकला की बोअर ६९ मिलिमीटरचा होतो आणि ७९६ सीसीचं इंजिन सुमारे ८०८ सीसीचं. बोअर त्याहून गेला असेल, तर स्लीव्ह मारून मूळ मापावर आणता येतो.

गरम इंजिनाचा ऑइलचा लाल दिवा आयडलला लुकलुकत असेल, तर गेजने ऑइलचा दाब मोजून बेअरिंग आणि क्रँकचं मापही घ्यायला हवं. झिजलेल्या क्रँकवर नवे पिस्टन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कुर्ल्याच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवणं स्वस्त वाटतं. पण त्याची झीज कुणी मोजलेली नसते, आणि इंजिन नंबर ब्लॉकवर असल्यामुळे आरसी बुकात बदल नोंदवावा लागतो. स्वतःचा ब्लॉक बोअर केला तर नंबर तोच राहतो.

कोकणातल्या गाड्यांचा निकाल मात्र बहुतेकदा इंजिनापेक्षा पत्राच लावतो. खारी हवा आणि पावसाळा यांनी तळ, सस्पेंशनच्या बैठका आणि दाराखालचे पट्टे खाल्ले असतील, तर उत्तम इंजिनही वाया जातं. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची आरटीओत ५ वर्षांसाठी फेरनोंदणी करावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तो खर्चही हिशेबात धरावा.

तेव्हा इंजिन उतरवण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून तळाचा पत्रा स्वतः ठोकून बघा. तो शाबूत असेल तर काम अर्धवट करू नका, आणि बोअरची व क्रँकची मापं मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या.