वाचता येईल, खोडता येणार नाही
वेबपानाची जडणघडण : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण माहिती भरून घेणाऱ्या चौकटी पाहिल्या. आज त्याच चौकटींना कुलूप कसं लावायचं ते सातबाऱ्याच्या उदाहरणावरून पाहू.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे महसूल विभागात येतात. जमिनीचे उतारे दाखवणाऱ्या ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर तो विभाग निवडला, पुढे जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर दिला, की वाळव्यातल्या उसाच्या रानाचा किंवा कोरेगावातल्या आल्याच्या वावराचा सातबारा पडद्यावर येतो. इथपर्यंत निवड आपली, त्यापुढे मात्र नुसतं वाचायचं. आपल्याच नावातली चुकलेली वेलांटीसुद्धा खातेदाराला तिथे सुधारता येत नाही.

यामागे कायदा आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. त्यातल्या हक्कात बदल करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफार लागतो : तलाठी नोंद घेणार, संबंधितांना नोटीस जाणार, हरकती ऐकल्या जाणार आणि मगच नोंद प्रमाणित होणार. नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, हिची गोष्ट वेगळी. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पीक नोंदवणं शेतकऱ्याच्या हाती आलं. पुढच्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्तीची सोयही मिळाली. उतारा एकच, पण कोणती चौकट कोणाला, किती वेळ उघडी ठेवायची, हे ठरलेलं. कोड लिहिण्याआधी असा तक्ता कागदावर हवा.

आता साधनं. एचटीएमएलमध्ये ‘रीडओन्ली’ आणि ‘डिसेबल्ड’ असे दोन गुणधर्म आहेत आणि नवखे ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. रीडओन्ली चौकटीत कर्सर जातो, मजकूर कॉपी होतो आणि फॉर्म पाठवला की तिची किंमतही सोबत जाते. डिसेबल्ड चौकट टॅबने गाठता येत नाही, तिची किंमत पाठवलीच जात नाही. गट नंबर दाखवायचाही आहे आणि सर्व्हरकडे पाठवायचाही आहे, तिथे डिसेबल्ड वापरलं तर अर्ज गट नंबराविनाच पोहोचेल. शिवाय डिसेबल्ड अक्षरं ब्राउझर फिकट करतो. भर उन्हात, बांधावर उभं राहून मोबाइल पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत.

रीडओन्लीची मर्यादाही ध्यानात ठेवा. तालुक्याची ड्रॉपडाउन यादी, चेकबॉक्स, रेडिओ बटण यांच्यावर ते चालतच नाही. तिथे सरळ साधा मजकूर छापावा आणि पाठवायची किंमत लपवलेल्या चौकटीत ठेवावी. ज्या पानावर काहीच बदलायचं नाही, तिथे तर चौकटी काढूनच टाकाव्यात.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. ब्राउझरमधलं कुलूप दिखाऊ असतं. डेव्हलपर टूल्स उघडून कुणीही रीडओन्ली हा शब्द पुसू शकतो, लपवलेली किंमत बदलू शकतो. म्हणून प्रत्येक विनंतीवर सर्व्हरने पुन्हा तपासावं : हा माणूस कोण, त्याला ही नोंद बदलायचा अधिकार आहे का, मुदत संपली का? ४८ तास मोजायचे तेही सर्व्हरच्या घड्याळाने. मोबाइलचं घड्याळ मागे घेता येतं.

आणि कुलूप लावलंत तर किल्ली कोणाकडे तेही लिहा. ‘लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा’ एवढी एक ओळ चौकटीखाली असली, तर माणसाची एक खेप वाचते. बंद चौकटीखाली अशी ओळ नसेल, तर तुमचं पान अपुरं आहे.

पुढील लेखांकात : चुकीचा मजकूर भरल्यावर दाखवायच्या सूचना.