केशवराव भोळे : चाली लावणारा टीकाकार

‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटातलं बीजाचं ते गाणं अजूनही पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटतं. लिहिलं शांताराम आठवले यांनी, चाल केशवराव भोळ्यांची. भोळे (१८९६–१९७७) मूळचे आपल्या वऱ्हाडातले. ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ या ‘प्रभात’च्या चित्रपटांमुळे संगीतकार म्हणून ते ठाऊक असतात. आज आम्हाला बोलायचं आहे ते ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर लिहिणाऱ्या भोळ्यांबद्दल.

गाण्यावर लिहायचं म्हणजे आपल्याकडे बहुधा काय असतं? बुवांचं घराणं, गुरूंची थोरवी, मैफल रंगली. संपलं! ‘रंगली’ म्हणजे नक्की काय झालं, ते नाही. भोळ्यांना गुरुपरंपरेपेक्षा गाण्यात, त्यातही आवाजात रस. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच बघा, ‘आवाजाची दुनिया’.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. कांट म्हणतो, ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना आपण सगळ्यांच्याच संमतीवर हक्क सांगतो, पण ती पुराव्याने मिळवता येत नाही. मग टीकाकार करतो तरी काय? आमच्या मते तो ऐकणाऱ्याचा कान वळवतो. ‘ही जागा पुन्हा ऐका’ म्हणतो. ऐकून पटलं तर पटलं. नाही पटलं तर निदान भांडण कशावर आहे ते तरी कळतं. घराण्याचं नाव सांगून हे होत नाही.

पण स्वतः चाली लावणारा माणूस दुसऱ्याचं माप निःपक्षपातीपणे घेईल का? शंका रास्त आहे. शूमान पियानोवादक व्हायला निघाला, हात दुखावला, संगीतकार झाला. १८३४ मध्ये लाइपझिगला त्याने संगीताचं नियतकालिक काढलं. त्यात तो फ्लोरेस्टान आणि युसेबियस अशा दोन नावांनी लिही. एक उतावळा, दुसरा शांत. म्हणजे मतभेद घरातच! कलावंताला आवडनिवड असणारच. कारणं उघड मांडली की ती आवडही वाचकाला दिसते. भोळ्यांची तर ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) नाटकातही दिसते. नाट्यपदं लांबवत नेण्याची चाल सोडून तिथे मोजकी, छोटी गाणी आहेत. आमच्या लेखी तीही टीकाच.

वाचायचं तर ‘संगीताचे मानकरी’पासून सुरुवात करा. ज्या गायकावरचा लेख, त्याची ध्वनिमुद्रिका शेजारी लावा. जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.