सेक्टमसेम्प्रा : एक भयंकर मंत्र

हॅरी पॉटरच्या गोष्टींत जादूचे पुष्कळ मंत्र आहेत. त्यांतला सेक्टमसेम्प्रा फार वाईट. लॅटिन भाषेत सेक्टम म्हणजे कापलेले आणि सेम्पर म्हणजे नेहमी. हा मंत्र जे. के. रोलिंग या लेखिकेच्या सहाव्या पुस्तकात आहे. ते २००५ साली निघाले.

हॅरीला जादूच्या शाळेत एक जुने पुस्तक मिळते. त्यात समासात कोणीतरी हाताने हा मंत्र लिहिलेला असतो. पुढे एवढेच लिहिलेले, की शत्रूंसाठी. त्याने काय होते ते काहीच नाही!

मग एकदा हॅरीचे आणि मॅल्फॉयचे भांडण जुंपते. हॅरी कांडी फिरवून तो मंत्र म्हणतो. लगेच मॅल्फॉयच्या तोंडावर आणि छातीवर तलवारीने कापल्यासारख्या जखमा होतात. तलवार तर कुठेच दिसत नाही. रक्त भळाभळा वाहते. हॅरी पार घाबरतो, पण उलटा मंत्र त्याला कुठे ठाऊक? महाभारतात अश्वत्थाम्यालासुद्धा ब्रह्मास्त्र सोडता येत होते, मागे घेता येत नव्हते. तसेच हे झाले.

तेवढ्यात स्नेप सर धावत येतात. ते जखमांवरून कांडी फिरवत गाणे म्हटल्यासारखा उलटा मंत्र तीनदा म्हणतात. तेव्हा कुठे जखमा मिटतात. सरांना तो कसा येतो? कारण ते पुस्तक त्यांचेच! शाळेत असताना हा मंत्र त्यांनीच शोधलेला. मला याचे फार नवल वाटले.

सातव्या पुस्तकात (२००७) सर स्वतःच हा मंत्र मारतात. मारायचा असतो दुसऱ्याला, पण लागतो जॉर्जला आणि त्याचा कान जातो. त्याची आई रक्त थांबवते. कान मात्र परत येत नाही.

— इयत्ता ४ थी