पासवर्ड-व्यवस्थापक : राखीव प्रतीवरून नव्या संगणकावर स्थानांतर

अनेक खात्यांचे पासवर्ड (परवलीचे शब्द) व त्यांस संलग्न गुप्त माहिती एकाच कूटबद्ध संचयात साठविणाऱ्या आणि एका प्रमुख पासवर्डाने तो संचय उघडू देणाऱ्या संगणकीय कार्यक्रमास ‘पासवर्ड-व्यवस्थापक’ म्हणतात. वापरातील संगणक बदलल्यास, बिघडल्यास किंवा चोरीस गेल्यास हा संचय राखीव प्रतीवरून नव्या संगणकावर न्यावा लागतो. पत्रे, छायाचित्रे इ. साहित्य हलविताना झालेली चूक बहुधा सुधारता येते. या संचयाची गोष्ट वेगळी आहे. प्रमुख पासवर्ड वा त्याच्या जोडीची किल्ली हरवल्यास कार्यक्रमाच्या निर्मात्यालाही तो सामान्यतः उघडता येत नाही, कारण तसा चोरदरवाजा न ठेवणे हेच या रचनेचे प्रयोजन असते.

पूर्वेतिहास : संगणकावर वैयक्तिक पासवर्ड देण्याची प्रथा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांदो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये दाखविण्यात आलेल्या कालविभागी प्रणालीपासून रूढ झाली. तेथील सर्व पासवर्ड एका फाइलीत उघड्या स्वरूपात असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने स्वतःस अधिक संगणकवेळ मिळावा म्हणून ती फाइल छापून घेतली. सर्व पासवर्ड एके ठिकाणी ठेवण्यातील धोका असा प्रारंभीच दिसून आला होता. पुढे महाजालामुळे प्रत्येकाच्या खात्यांची संख्या वाढली आणि ते सर्व लक्षात ठेवणे अशक्य झाले. १९९७ मध्ये कूटशास्त्रज्ञ ब्रूस श्नायर यांनी ‘पासवर्ड सेफ’ हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात त्यांचीच ‘ब्लोफिश’ ही कूटपद्धती वापरली होती. डोमिनिक राइखल यांचा ‘कीपास’ हा मुक्त कार्यक्रम २००३ मध्ये आला. त्यानंतर ‘वनपासवर्ड’ (२००६), ‘लास्टपास’ (२००८), ‘बिटवॉर्डन’ (२०१६) इ. कार्यक्रम प्रचारात आले. यांपैकी पासवर्ड सेफ व कीपास यांचा संचय वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरील फाइलीत असतो, तर लास्टपास व बिटवॉर्डन यांचा संचय कूटबद्ध स्वरूपात सेवासंस्थेच्या संगणकांवर राहतो. स्थानांतराची रीत या भेदावरच मुख्यतः अवलंबून असते.

संचयाची घडण : ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार कूटपद्धती शत्रूस ठाऊक असली तरी केवळ किल्लीच्या गुप्ततेवर ती टिकली पाहिजे. पासवर्ड-व्यवस्थापक याच तत्त्वावर आधारलेले आहेत. प्रमुख पासवर्डावर मुद्दाम वेळखाऊ ठेवलेली गणितक्रिया करून किल्ली तयार करतात आणि त्या किल्लीने संचय कूटबद्ध करतात. कूटबद्धतेसाठी बहुतेक ठिकाणी २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेली ‘एईएस’ ही पद्धती वापरली जाते. गणितक्रिया वेळखाऊ ठेवण्याचा हेतू असा, की चोरलेल्या प्रतीवर एकामागून एक पासवर्ड लावून पाहणाऱ्यास प्रत्येक प्रयत्न महाग पडावा. कीपासच्या अलीकडील फाइलीत यासाठी २०१५ सालच्या स्पर्धेत निवडली गेलेली ‘आर्गॉन-२’ ही पद्धती वापरता येते. क्रियेचे मापांक फाइलीच्या शीर्षभागातच नोंदलेले असल्याने ती फाइल कोणत्याही संगणकावर नेली तरी योग्य किल्लीने उघडते. जुन्या यंत्राशी तिचा काही संबंध उरत नाही.

या नियमास एक घातक अपवाद आहे. कीपासमध्ये प्रमुख पासवर्डाखेरीज किल्ली-फाइल अथवा विंडोज प्रणालीतील वापरखाते हेही किल्लीचे घटक म्हणून जोडता येतात. खाते जोडलेले असल्यास नव्या संगणकावर त्याच नावाचे व त्याच पासवर्डाचे खाते उघडूनही संचय उघडत नाही, कारण प्रणालीने जुन्या खात्यासाठी निर्माण केलेली गुप्त माहिती नव्या खात्यात नसते. म्हणून जुना संगणक चालू असतानाच हा घटक काढून टाकून संचयाची नवी प्रत घ्यावी. किल्ली-फाइलीचीही स्वतंत्र प्रत हवी. संचय जपून ठेवला आणि किल्ली-फाइल जुन्या चकतीबरोबर नष्ट झाली, तर त्या जपणुकीस अर्थ राहत नाही.

ब्राउझरमध्ये साठविलेल्या पासवर्डांबाबतही असाच भेद आढळतो. विंडोजवरील ‘क्रोम’ आपली किल्ली प्रणालीच्या खात्याशी बांधून ठेवतो. त्यामुळे त्याचे सर्व फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरविले तरी पासवर्ड वाचता येत नाहीत. ‘फायरफॉक्स’मध्ये नोंदींची फाइल व किल्लीची फाइल अशा दोन फायली असतात. त्या दोन्ही एकत्र नेल्यास पासवर्ड मिळतात, एकच नेल्यास मिळत नाहीत.

स्थानांतर : संगणक सुस्थितीत असतानाच राखीव प्रत घेणे व ती उघडून पाहणे ही पहिली पायरी होय. न उघडून पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते. समक्रमित होणारे फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण एका ठिकाणी पुसलेली नोंद दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन प्रती, दोन प्रकारची साधने व एक प्रत अन्य ठिकाणी हा नियम येथेही उपयोगी पडतो. पूर्वी घेतलेली प्रत त्या वेळच्या प्रमुख पासवर्डानेच उघडते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पासवर्ड उघड झाल्याच्या शंकेने बदलला, पण जुन्या प्रती तशाच ठेवल्या, तर ज्याच्या हाती जुना पासवर्ड व जुनी प्रत आहे त्याची वाट मोकळीच राहते.

नव्या संगणकावर कार्यक्रम निर्मात्याच्या अधिकृत स्थळावरून घ्यावा व तो जुन्या आवृत्तीइतका किंवा तिच्याहून नवा असावा. जुनी आवृत्ती नव्या घडणीची फाइल उघडू शकत नाही. त्यानंतर फाइल उतरवून ती उघडावी, नोंदींची संख्या ताडून पाहावी आणि जोडलेली कागदपत्रे व टिपा उघडून बघाव्यात. मग जुन्या संगणकावरील प्रत वापरणे थांबवावे. तसे न केल्यास दोन्ही प्रती वेगवेगळ्या वाढतात व कोणता पासवर्ड अखेरचा हे कळेनासे होते. कीपासच्या दुसऱ्या मालिकेत अशा दोन प्रती बदलाच्या वेळेवरून एकत्र करण्याची सोय आहे. सेवासंस्थेकडील संचयाच्या बाबतीत नव्या संगणकावर खात्यात प्रवेश करणे एवढेच काम उरते. मात्र वनपासवर्डमध्ये प्रमुख पासवर्डाखेरीज एक गुप्त किल्लीही लागते. ती ज्या कागदावर छापून ठेवावयाची, तो कागदच पुष्कळदा सापडत नाही.

एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना बहुधा स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर-फाइल काढावी लागते. ही फाइल कूटबद्ध नसते. ज्या मिनिटांत ती चकतीवर असते, त्या मिनिटांत सर्व खाती उघडी असतात. शिवाय ती कोष्टक-कार्यक्रमात उघडून पुन्हा साठविल्यास आकडी पासवर्डांतील आरंभीची शून्ये गळतात आणि बरोबर-चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला जातो. अशी फाइल उघडून न पाहता थेट नव्या कार्यक्रमात घ्यावी हे उत्तम. जोडलेली कागदपत्रे व ‘पासकी’ या फाइलीत येत नाहीत. पासकी एका कार्यक्रमातून दुसऱ्यात सुरक्षितपणे नेता याव्यात म्हणून फिडो अलायन्स या संघटनेने २०२४ मध्ये विनिमय-प्रमाणाचा मसुदा प्रसिद्ध केला.

वेळेवर आधारलेले एकवार-संकेतांक (प्रमाणीकरण २०११) संचयात ठेवलेले असल्यास नव्या संगणकाचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. हे संकेतांक सामान्यतः दर ३० सेकंदांनी बदलतात, त्यामुळे काही मिनिटांचा फरकही ते निरुपयोगी करतो.

प्रमुख पासवर्ड देवनागरीत ठेवणाऱ्यांस एक विशेष अडचण संभवते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. ‘तऱ्हा’ हा शब्द पडद्यावर दोन्ही रीतींनी सारखाच दिसतो. परंतु कार्यक्रम दोन्ही रूपे एक मानून घेत नसेल, तर त्यांपासून भिन्न किल्ल्या तयार होतात. इन्स्क्रिप्ट व ध्वन्यानुसारी कळफलक हे संकेत वेगळे पाठवीत असल्यास पासवर्ड अचूक आठवत असूनही नव्या संगणकावर तो नाकारला जातो. अशा वेळी जुन्या कळफलक-रचनेचा शोध घ्यावा लागतो.

धोके : २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या संचयांच्या राखीव प्रती मेघसाठवणीतून चोरीस गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते कूटबद्ध नव्हते. चोरांच्या हाती प्रत पडल्यावर प्रमुख पासवर्ड बदलून त्या प्रतीचे संरक्षण होत नाही. आतील प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलावा लागतो. ज्या जुन्या खात्यांत किल्लीच्या गणिताच्या आवर्तनांची संख्या ५,००० एवढीच राहिली होती, त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक होता. राखीव प्रत मूळ संचयाइतकीच जपावी लागते ती यामुळेच.

जुना संगणक विकण्यापूर्वी वा दुरुस्तीस देण्यापूर्वी त्यावरील संचय, त्याच्या प्रती व काढलेल्या मजकूर-फायली नाहीशा कराव्या लागतात. जुन्या चुंबकीय चकतीवर फाइलीच्या जागी दुसरे काही लिहिल्यास ती पुसली जाते. घनावस्था साठवणीत मात्र नियंत्रक नवा मजकूर वेगळ्याच पेशींत लिहितो व जुना काही काळ तसाच राहू शकतो. त्यामुळे अशा साठवणीवर सुरुवातीपासून संपूर्ण चकती कूटबद्ध ठेवणे किंवा निर्मात्याच्या साधनाने सर्वच साठवण पुसणे हे उपाय योजतात.