मॉनिटर काळा का राहतो?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं नियमित पाठबळ संपलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसलेले, पण अजून ठणठणीत चालणारे डेस्कटॉप तेव्हापासून टाकाऊ मानले जाऊ लागले. भंगारवाल्याला देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स घालावं, असं मला मनापासून वाटतं. ठाकुर्लीत नव्वद फुटी रस्त्यावरच्या टॉवरांत काय किंवा चोळेगावातल्या जुन्या घरांत काय, घरून काम करणाऱ्यांना आणि शिकणाऱ्या मुलांना अशी मशीन सहज पुरतात. घोडं अडतं ते वापरलेला, स्वस्तातला मॉनिटर आणून जोडल्यावर. पडदा काळा आणि त्यावर ‘नो सिग्नल’. मग लिनक्सवर हा मॉनिटर चालतच नाही, असा निष्कर्ष निघतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आधी संगणकाच्या डब्याची मागची बाजू बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल त्या कार्डाच्याच पोर्टात हवी. कार्ड बसलं की मदरबोर्डवरचा पोर्ट अनेकदा आपोआप बंद होतो.

केबल लावल्यावर चित्र येण्याआधी संगणक आणि मॉनिटर यांच्यात थोडी देवाणघेवाण होते. एचडीएमआयच्या १८व्या पिनमधून संगणक ५ व्होल्ट पाठवतो, मॉनिटर १९व्या पिनवरून ‘मी आहे’ असं कळवतो. मग संगणक मॉनिटरमधल्या छोट्या मेमरी चिपमधून त्याची माहिती वाचतो: कंपनी कोणती, कुठल्या वर्षी बनला, पडदा किती सेंटिमीटरचा, कोणतं रिझोल्यूशन झेपतं. स्थळाचा बायोडेटा आधी यावा, तसंच हे. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. पहिले ८ बाइट ठरलेले: शून्य, मग सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. शेवटचा बाइट असा ठेवतात की सगळ्यांच्या बेरजेला २५६ने नि:शेष भाग जावा. वाटेत एखादा बिट बिघडला तर बेरीज जुळत नाही आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तशी नोंद करून ठेवतो.

मॉनिटरची ही माहिती कुणालाही वाचता येते. लिनक्सवर माझा जीव आहे तो यासाठीच. ‘सिस’ फोल्डरात ‘क्लास’ आणि त्यात ‘डीआरएम’ उघडा; तिथे प्रत्येक पोर्टाचा स्वतंत्र फोल्डर सापडेल. त्यातली ‘स्टेटस’ फाइल ‘कनेक्टेड’ म्हणते की ‘डिसकनेक्टेड’, आणि ‘ईडीआयडी’ फाइलमध्ये काही आहे की ती रिकामी, एवढं पाहिलं तरी शोधाची दिशा ठरते. ‘डिसकनेक्टेड’ असेल तर केबल, कन्व्हर्टर आणि पोर्ट तपासायचे. सेटिंगमध्ये हात घालायची गरज नाही.

चित्र दिसतं पण धूसर आणि १०२४ × ७६८चंच, ही तक्रार जुन्या व्हीजीए केबलबरोबर फार येते. व्हीजीए १९८७चं. त्याच्या प्लगमध्ये १५ पिना असतात आणि मॉनिटरची माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. काही स्वस्त केबलींत या तारा घातलेल्याच नसतात. माहिती मिळाली नाही की कर्नल सावधपणे १०२४ × ७६८पर्यंतच थांबतो. अशा वेळी केबल बदलावी, किंवा त्या मॉनिटरची ईडीआयडी फाइल मिळवून ती कर्नलला हाताने द्यावी. दुसरा मार्गही उत्तम चालतो.

माहिती नीट आली आणि तरी पडदा लुकलुकतो, त्यावर पांढरे ठिपके चमकतात, असंही होतं. एकाच केबलमध्ये दोन वेगांचे रस्ते असतात. माहितीचा रस्ता संथ, साधारण १०० किलोहर्ट्झचा. चित्राचा मात्र अफाट वेगाचा. १९२० × १०८०च्या चित्राभोवती जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळापासून चालत आलेली मोकळी जागा धरली की २२०० × ११२५ होतात. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे १४.८५ कोटी पिक्सेल. प्रत्येक रंगाच्या तारांच्या जोडीवरून सेकंदाला जवळपास १५० कोटी बिट धावतात. दुबळी केबल पहिलं काम चोख करते आणि दुसऱ्यात कोसळते. परीक्षा सोपी आहे: ६०ऐवजी ३० हर्ट्झ निवडा. ठिपके गेले तर केबल बदला.

जुन्या इमारतींबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण कधी कधी त्याची तार जमिनीपर्यंत पोचलेलीच नसते. तेव्हा पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरांमुळे संगणकाचा धातूचा डबा मुख्य विजेच्या सुमारे निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. प्रवाह अगदी कमी असतो, पण चालू मशीनला एचडीएमआय जोडताना पोर्टातली नाजूक चिप जळायला तो पुरू शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि ते होईपर्यंत दोन्ही यंत्रांचे प्लग काढूनच केबल लावा.

यानंतर सॉफ्टवेअरकडे वळायचं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा. तिथे चित्र आलं तर यंत्र निर्दोष, दोष बसवलेल्या लिनक्समध्ये. ग्नोम डेस्कटॉप पडद्यांची मांडणी ‘मॉनिटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये जपतो. तिचं नाव बदललं की तो नव्याने मांडणी करतो. कर्नल अपडेटनंतर एनव्हिडियाच्या कार्डावरचं चित्र गेलं असेल तर संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडा. तो चालला, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधला गेलेला नाही, किंवा सिक्युअर बूटने तो अडवला आहे.

एका अडचणीवर मात्र घरी उपाय नाही. एएमडीने एचडीएमआय २.१ची पूर्ण सोय खुल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि २०२४मध्ये हे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो नाकारला. ज्या तारेसाठी कोट्यवधी घरांनी पैसे मोजले, तिचे नियम खुल्या कोडमध्ये उतरवू न देणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून नवा मॉनिटर घेणार असाल तर मागे एचडीएमआयखेरीज डिस्प्लेपोर्टही आहे ना, ते पाहून घ्या.